दोरा तुटेल इतकी हवा

तिसऱ्यांदा पानांच्या कडा जळाल्या तेव्हा खातेबाईंनी आरडाओरडा केला नाही. त्यांनी लेट्यूसचा ट्रे उचलला, खिडकीपाशी नेला, एकेक पान बाजूला करून आतला गाभा पाहिला, आणि ट्रे खाली ठेवून स्वतःच्या कपाळावर असा हात मारला की पलीकडच्या रांगेत रोपं लावणारी गाठवाली दचकली.

"ताई, पानांचं राहू द्या, डोकं सांभाळा."

"डोकं राहिलंय कुठं," खातेबाई म्हणाल्या. "ते पहिल्या खेपेलाच जळलं."

गाभ्यातली कोवळी पानं कडेनं तपकिरी झाली होती, चहात बुडवून काढलेल्या कागदासारखी. बाहेरून बघावं तर गड्डा कसा टवटवीत, गुबगुबीत. आत उघडला की दुखणं. खातेबाईंना अशा गोष्टींचा फार राग यायचा. जे बिघडायचं ते तोंडावर बिघडावं, म्हणजे माणूस कामाला लागतो.

हा मजला पूर्वी रिळं भरायचा होता. शिवणाच्या दोऱ्याचा कारखाना. वरून सूत यायचं, इथं ते रिळांवर चढायचं, आणि खाली खोक्यांत बसून जगभर जायचं. सहा वर्षांपूर्वी कारखाना बंद पडला. यंत्रं भंगारात गेली आणि मागं राहिली चार मजल्यांची विटांची इमारत, लोखंडी खांबांच्या रांगा आणि तेल पिऊन काळी झालेली लाकडी जमीन, जिच्यावर अजूनही बेसावध माणसाची चप्पल घसरते. मग कुणाच्या तरी डोक्यात आलं की इथं भाजी पिकवायची. मातीशिवाय, उन्हाशिवाय, माणसाच्या उंचीच्या मांडण्यांवर ट्रे ठेवून, पाइपातल्या पाण्यावर, जांभळ्या दिव्यांखाली. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा सगळे पोट धरून हसले. कारखान्यातल्या अकरा जणांना कामावर यायचं बोलावणं आलं तेव्हा हसू आवरलं.

माणसं जुनी, म्हणून शब्दही जुनेच आले. बी उगवायच्या खोलीला सगळे 'सूतखोली' म्हणत. रोपं वाढायची ती 'भरणी'. खराब निघालेली पानं म्हणजे 'तुटका माल'. जी बाई तुटलेल्या दोऱ्याला डोळ्याचं पातं लवायच्या आत गाठ मारायची ती आता बोटभर रोपं भोकात बसवते, पण नाव गाठवालीच. यंत्रांना तेल घालणारा तेलवाला आता पंप धुतो आणि तेलाच्या आठवणीनं उसासे टाकतो. खातेबाई भरणीखात्यावर एकोणीस वर्षं होत्या, शेवटची सात प्रमुख म्हणून. खातं मोडलं, यंत्रं गेली, हाताखालच्या चाळीस बायका चाळीस वाटांनी गेल्या. 'खातेबाई' मात्र राहिल्या. आता त्या या मजल्याच्या प्रमुख.

आणि हवामास्तर त्यांचे यजमान.

हे नाव गमतीनं पडलेलं नव्हतं. दोऱ्याला दमट हवा लागते. हवा कोरडी झाली की दोरा तटातट तुटतो, यंत्र थांबतं, बायका ओरडतात, साहेब धावत येतो. म्हणून छताला लागून माणूस सरपटत जाईल एवढे पत्र्याचे बोगदे काढलेले, आणि त्यांतून पाण्याचे बारीक फवारे मिसळलेली हवा मजल्यावर सोडायची. हे सगळं चालवायची एक खोली जिन्याच्या अर्ध्यावर: हवाघर. त्यात एक मोठं लाल चाक. ते चाक हवामास्तरांनी तीस वर्षं फिरवलं. शेतीवाल्यांनी जुने बोगदे वापरायचे ठरवले तेव्हा कुठला पाइप कुठं जातो हे सांगणारं जगात एकच माणूस उरलं होतं. त्यामुळे सगळ्यांत आधी हवामास्तरांना घेतलं, आणि त्यांच्या मागून, "आमच्या घरातून एक प्रमुख पण मिळेल," या त्यांच्या शब्दावर, खातेबाईंना. ही गोष्ट ते महिन्यातून दोनदा तरी काढत.

तर ही पानं. इमारतीच्या समितीनं स्वच्छ सांगून ठेवलं होतं की एकवीस दिवसांनी मोठ्या रुग्णालयाच्या स्वयंपाकघराची प्रमुख पाहायला येईल. तिनं रोजचा माल घ्यायचं कबूल केलं तर मजला शेतीकडं राहील. नाही केलं तर तो खोक्यांच्या गोदामाला जाईल. गोदामाला दोन माणसं लागतात. खातेबाईंनी एकदा खातं मोडताना पाहिलं होतं. बायकांनी आपापल्या खुंटीवरचे डबे काढून नेले तो आवाज त्यांना अजून ऐकू यायचा. दुसऱ्यांदा ऐकायची त्यांची तयारी नव्हती.

"डॉक्टर आली का?" त्यांनी विचारलं.

"दारात उभी आहे," तेलवाला म्हणाला. "नेहमीसारखी. पाय रोवून."

डॉक्टर म्हणजे पानांची डॉक्टर. शेतीची पदवी घेतलेली, सव्वीस वर्षांची, चष्मा लावणारी हुशार मुलगी. अशा तीन इमारती तिच्याकडे होत्या, म्हणून आठवड्यातून तीनदा यायची आणि मजल्याच्या दारापाशी उभं राहून टॅबलेटवर आकडे बघायची. दारापाशी, कारण टॅबलेटला नेटवर्क तिथंच तेवढं मिळे, आणि हवेतली ओल मोजणारी पांढरी पेटीही तिथंच भिंतीला टांगलेली. पहिल्या खेपेला पानं जळली तेव्हा तिनं पाण्यातलं खत बदललं. दुसऱ्या खेपेला दिवे कमी केले आणि आणखी पंखे लावले. प्रत्येक वेळी खातेबाईंनी जीव टाकून सगळं तंतोतंत केलं होतं.

"खत बरोबर आहे," डॉक्टर टॅबलेटवर बोट फिरवत म्हणाली. "पाणी बरोबर. दिवे बरोबर. हवेतली ओल पासष्ट, अगदी हवी तेवढी. मॅडम, सगळं बरोबर आहे."

"म्हणजे पानांनाच कळत नाही म्हणायचं."

"तसं नाही, पण आकड्यांत कुठं काही..."

"हे बघ बाळ," खातेबाई म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजातला गोडवा ऐकून तेलवाल्यानं पंप धुवायचा थांबवला, कारण त्याला तो गोडवा ठाऊक होता, "आठ महिने तू मला दारातनं सांगते आहेस सगळं बरोबर आहे. दवाखान्याच्या पायरीवर उभं राहून पेशंटला औषध देतात का कुठं? चल आत. पानाशेजारी उभी राहा आणि त्याच्या तोंडावर सांग की तू बरोबर आहेस म्हणून."

डॉक्टरनं टॅबलेट छातीशी धरला आणि ती निमूट मागोमाग आली. मांडण्यांच्या सात रांगा ओलांडून मधोमध पोचल्यावर ती थांबली. तिनं चष्मा काढला, रुमालानं पुसला, पुन्हा लावला. दोन श्वासांत काचा पुन्हा पांढऱ्या.

"इथं नेहमी असंच असतं?"

"कसं?"

"असं... ओलं."

गाठवालीनं वर पाहिलं. तेलवाला पंप सोडून आला. पॅकिंगवाल्या दोघी माना काढून बघायला लागल्या.

"ओलं कुठाय?" गाठवाली म्हणाली. "चांगलं तर आहे."

"बाहेर ओठ फुटतात बघा," तेलवाला म्हणाला. "इथं आलं की बरं वाटतं. माझा खोकला इथंच तेवढा थांबतो."

डॉक्टरनं हात वर केला, मांडणीच्या लोखंडी दांडीवरून बोट फिरवलं आणि बोटाला लागलेलं पाणी सगळ्यांना दाखवलं. कुणाला त्यात विशेष दिसलं नाही. दांड्या ओल्याच असायच्या.

"अहो, पासष्ट नाही हे," ती हळूच म्हणाली. "नव्वद असेल. एवढ्या ओल्या हवेत पानाला घाम येत नाही. घाम नाही म्हणून ते पाणी ओढत नाही. पाण्यातला चुना कोवळ्या कडेपर्यंत पोचतच नाही, मग कड मरते. मी आठ महिने पाण्यात चुना वाढवत बसलेय. पण पेटी तर पासष्ट म्हणतेय. आणि दार तर सारखं उघडं, जिन्यातली कोरडी हवा तिच्यावर..." ती थांबली. "पेटी तिथं कुणी लावली?"

 खातेबाई समोरच्या खांबाकडं बघत होत्या. खांबाला, हाताच्या उंचीवर, पांढऱ्या सुताचा एक धागा बांधला होता. खाली वीतभर लोंबत होता. पलीकडच्या खांबालाही. त्याच्या पलीकडच्यालाही. आठ महिने त्या या खांबांच्या मधून रोज शंभर वेळा गेल्या होत्या आणि एकदाही तो धागा त्यांना दिसला नव्हता, कारण त्याआधी एकोणीस वर्षं तो तिथंच होता.

"कुणी काही हात लावू नका," त्या म्हणाल्या, आणि जिन्याकडं निघाल्या.

हवाघरात हवामास्तर स्टुलावर बसून चाकाच्या आसाला ग्रीस लावत होते. खोली एवढीशी, पण लखलखीत. बायको दारात उभी राहिलेली बघून त्यांनी ओळखलं की ती बायको म्हणून आलेली नाही.

"बोला, खातेबाई."

"अहो, ओल मोजायची पेटी दाराजवळ कुणी टांगली?"

"मी."

"का?"

"तिथं खिळा होता."

खातेबाईंनी डोळे मिटले आणि उघडले. "आणखी?"

"आणखी काय? कारखान्याचं ओल मोजायचं यंत्रही पन्नास वर्षं तिथंच होतं. साहेब यायचा, दारातनं आकडा बघायचा, वहीत लिहायचा आणि जायचा. साहेबाचं यंत्र साहेबाच्या वाटेवर. आत आणून कुणाला बघायचंय?"

"आणि आत तुम्ही कशावर हवा लावता?"

आता हवामास्तरांना काहीतरी जाणवलं. त्यांनी बोटांवरचं ग्रीस फडक्याला सावकाश पुसलं. "ज्याच्यावर तीस वर्षं लावली त्याच्यावर. सकाळी खांबाचा धागा हातात घ्यायचा, ताणायचा. दमानं ताणला की जीव धरतो ना, तशी हवा. लवकर तुटला तर चाक थोडं उघडायचं."

"इथं दोरा कुठाय, अहो?"

ते चाकाकडं बघू लागले.

"मी विचारतेय, या मजल्यावर तुटण्यासारखा एक तरी दोरा आहे का? पाला आहे तिथं. पाल्याला घाम येत नाही म्हणून तो मरतोय. आठ महिने. त्या पोरीनं पाण्याचं काय काय केलं, मी रोपांशी बोलायची बाकी राहिले, आणि तुम्ही इथं बसून हवा लावताय ती गेलेल्या यंत्रांसाठी."

एवढं बोलून खातेबाईंना दम लागला. हवामास्तरांनी फडकं घडी करून गुडघ्यावर ठेवलं.

"यंत्रांसाठी नाही," ते म्हणाले. "पहिल्या आठवड्यात तूच म्हणाली होतीस. पेटी टांगायच्या आधी मी आत पासष्टावरच लावली होती, तुझ्या डॉक्टरनं सांगितलेली. तू जेवताना म्हणालीस, मजला मेल्यासारखा वाटतो, घसा कोरडा पडतो, तिथं आपलं कुणी नाहीसं वाटतं. म्हणालीस ना?"

खातेबाईंना आठवलं. नुसतं आठवलं नाही, तर त्यानंतरची सकाळही आठवली. त्या मजल्यावर शिरल्या होत्या आणि छातीत काहीतरी सैल झालं होतं. गाठवाली म्हणाली होती, 'आज कसं आपल्यासारखं वाटतंय.' सगळ्यांनी मान डोलावली होती. कुणीही, खुद्द त्यांनीही, का ते विचारलं नव्हतं.

आता एखाद्याला पुरतं रागवायला निघावं आणि वाटेत आपलंच नाव निघावं, यासारखी चिडचिड दुसरी नाही. कुणावर काढायची तेच कळत नाही.

"मी जेवताना शंभर गोष्टी बोलते," त्या म्हणाल्या. "घराला रंग द्यायचं पाच वर्षं म्हणतेय. ते नाही ऐकू आलं कधी."

आणि खाली उतरल्या.

त्याच दुपारी पेटी दारातून काढून मधल्या खांबावर लावली. आकडा आला अठ्ठ्याऐंशी. डॉक्टरनं हिशेब केला की सूतखोलीतून नुकती आलेली रोपं आजपासून कोरड्या हवेत वाढली तर पाहुणी येईपर्यंत गड्डे धरतील, लहान पण स्वच्छ. फक्त मध्ये दोन-चारहून जास्त ओले दिवस चालणार नाहीत. हवामास्तरांनी कुणाकडं न बघता चाक फिरवलं. संध्याकाळपर्यंत पेटीवर अडुसष्ट आलं. खातेबाईंनी सुटकेचा श्वास टाकला, आणि तो कोरड्या हवेत खोकल्यासारखा निघाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आकडा चौऱ्याऐंशी होता.

"अहो," खातेबाई हवाघराच्या दारात म्हणाल्या. या 'अहो'त आता आदर कमी आणि हाक जास्त होती.

"मी काही नाही केलं."

"चाक आपोआप फिरलं?"

"सकाळी आलो. धागा ताणला. तुटला. मग..." त्यांनी स्वतःच्या उजव्या हाताकडं असं पाहिलं जणू तो शेजाऱ्याचा आहे. "हात गेला असेल."

"हात गेला असेल म्हणजे? कोणाबरोबर गेला?"

त्यांनी चाक बंद केलं. खातेबाईंनी तेलवाल्याला सांगून सगळ्या खांबांचे धागे कापून टाकले. तिसऱ्या दिवशी आकडा ब्याऐंशी. हवामास्तरांनी कबूल केलं की खांबाला धागा नव्हता, पण खिशात रीळ होतं. खातेबाईंनी रीळ काढून घेतलं. घरी त्यांनी यजमानांच्या तिन्ही सदऱ्यांचे खिसे उलटे केले, आणि एकातून सूत, एकातून सूत आणि एकातून पेपरमिंट निघालं.

"लहान मुलाची झडती घ्यावी तशी घेतेस," ते म्हणाले.

"लहान मूल सांगितलेलं एकदा तरी ऐकतं. अहो, नुसता आकडा बघा ना. पासष्ट. सहा आणि पाच. काय अवघड आहे त्यात?"

"आकडा बघून हवा लावायची म्हणजे पत्र वाचून माणूस ओळखायचा. माझ्या हाताला कळत नाही तोवर मला झोप लागत नाही. मी घरी येतो आणि मला वाटतं तिकडं सगळं तुटत असेल."

"काय तुटत असेल? तिथं तुटायला काय..." खातेबाई बोलता बोलता थांबल्या. त्या उलटा केलेला खिसा हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. एवढी वर्षं या माणसाबरोबर काढली, याला समजावून काही उपयोग नाही एवढं तरी आपल्याला कळायला हवं होतं, असं त्यांना वाटलं. समजावायचं सोडून काम दिलं की हा माणूस नीट चालतो. त्यांनी टेबलावरचं रीळ उचललं आणि हवामास्तरांच्या हातात परत ठेवलं.

"बांधा परत धागे. सगळ्या खांबांना."

हवामास्तरांनी रीळ मुठीत धरलं.

"सकाळी ताणायचा. तुटला तर हवा बरोबर. जीव धरून राहिला तर चाक बंद करायचं, तुटेपर्यंत."

"तुटेपर्यंत," ते म्हणाले.

"हो."

"तीस वर्षं तो तुटू नये म्हणून राबलो, आणि आता रोज सकाळी जायचं, तो तुटला की नाही बघायला."

"हो."

"आणि तुटला की चांगलं म्हणायचं."

"तोंडानं म्हणालात तरी पुरे. मनात काय म्हणायचं ते म्हणा."

ते रीळ बोटांत फिरवत बराच वेळ बसले. मग उठून जेवायला बसले.  भांडी आवरताना तेवढं म्हणाले, "एकेरी सुताचा बांधावा लागेल. हा तिहेरी आहे, पासष्टाला कधी तुटेल, कधी धरेल." खातेबाईंनी ताट विसळता विसळता मान हलवली. हसू आलं होतं, पण ते त्यांनी दाखवलं नाही. दाखवलं असतं तर पुढची दहा वर्षं ऐकावं लागलं असतं.

चौथ्या दिवशी सकाळी आठला हवामास्तर मजल्यावर आले. पहिल्या खांबाचा धागा दोन बोटांत धरला, ताणला. तट. त्यांचा चेहरा शेजारच्या घरी वाईट बातमी सांगायला आल्यासारखा झाला. "तुटला," ते म्हणाले. दुसऱ्या खांबाशी गेले. "तुटला." सगळे कामं थांबवून बघत होते. बाराव्या खांबापर्यंत ते तसेच गेले, एकेकाला तोडत आणि एकेकाचं नाव घेतल्यासारखं 'तुटला' म्हणत. पेटीवर सहासष्ट होतं. हवाघरात परतल्यावरही हात चाकाकडं गेला नाही.

मग सुरू झाली ती दुसरी डोकेदुखी. पानं सुधारायला लागली आणि माणसं बिघडली. गाठवालीचे ओठ फुटले. तेलवाल्याचा खोकला परत आला आणि तो प्रत्येक खोकल्यानंतर खातेबाईंकडं बघायचा, पावती मागितल्यासारखा. पॅकिंगवाल्यांनी म्हटलं केसांत वीज येते, फणी चिकटते. अकरा माणसांच्या अकरा तक्रारी, आणि सगळ्यांचा सूर एकच: ताई, मजला परका झाला.

"पानांना विचारा," खातेबाई म्हणत. "त्यांना आवडतोय." आणि खिशातली बाटली काढून घोट घेत, कारण त्यांचा घसाही दुपारपर्यंत भुशासारखा व्हायचा. वीस वेळा तरी त्यांच्या जिभेवर आलं की अहो, थोडंसं, अगदी चहापुरतं उघडा ते चाक. वीस वेळा गिळलं. गिळायलाही ओलावा लागतो.

स्वयंपाकघराची प्रमुख ठरल्या दिवशी आली. रुंद खांद्यांची, घाईतली बाई. हॅलो म्हणाली नाही, बसली नाही. समितीच्या माणसानं भाषण सुरू केलं तर त्याला म्हणाली, "रोज साडेतीनशे माणसांचं जेवण करते मी, मला ऐकायला वेळ नाही. गड्डा द्या एक." खातेबाईंना ती लगेच आवडली.

तिनं मांडणीच्या मधल्या ट्रेमधला गड्डा स्वतः उपटला. बाहेरची पानं बघितलीच नाहीत. दोन्ही अंगठे घालून गाभा उघडला. खातेबाईंनी खांबाला हात टेकवला. हवामास्तर जिन्याच्या दारात, साहेबाच्या जुन्या जागी, उभे होते.

गाभा हिरवा होता. कडेपर्यंत.

"गेल्या महिन्यात तुमचा नमुना आला होता तो आतून जळका होता," ती म्हणाली. "काय झालं होतं?"

समितीचा माणूस म्हणाला, "काही तांत्रिक..."

"आमची हवा चुकली होती," खातेबाई म्हणाल्या. "आम्हाला स्वतःला बरं वाटेल अशी लावत होतो. आता पानांना बरं वाटेल अशी लावतो."

बाईनं एक पान चावलं, मान तिरकी करून. मग तिनं सगळ्यांकडं एकदा पाहिलं, फुटलेले ओठ, खोकणारा तेलवाला, बाटली धरलेल्या खातेबाई. "दिसतंय," ती म्हणाली. "गड्डे लहान आहेत. आठवड्यानं मोठे होतील ना? सोमवारपासून अर्ध्या मांडण्यांचा माल पाठवा. एक जरी जळका निघाला तरी परत पाठवीन, आणि मग पुन्हा येणार नाही." आणि जिना उतरून गेली. खाली गाडीचं दार आपटलेलं ऐकू आलं.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. गाठवाली खाली बसली आणि रोपाच्या ट्रेला म्हणाली, "ऐकलंस ना? आता नीट वाग." समितीच्या माणसानं आपल्या कागदावर काहीतरी खोडलं आणि कळवलं की गोदामवाल्यांना दुसरा मजला दाखवू.

दुपारच्या चहानंतर खातेबाई आपल्या टेबलाशी सोमवारच्या मालाची यादी करायला बसल्या. टेबल म्हणजे जुन्या यंत्राची उरलेली फळी, खिडकीच्या कोपऱ्यात, मांडण्यांपासून लांब. लिहिता लिहिता त्यांच्या मानेला गार लागलं. मागं वळून पाहिलं तर हवामास्तर त्यांच्या खुर्चीच्या पाठीवर ओला टॉवेल पसरत होते, कोपरे सारखे करत, जणू दुकान मांडताहेत.

"हे काय?"

"एवढ्या कोपऱ्यापुरती ओल," ते म्हणाले. "डॉक्टरला विचारलंय. ती म्हणाली पेटीला कळणारही नाही."

"अहो, पाठ भिजली ना माझी."

"भिजू दे. घसा बरा राहील."

"आणि रोज हे करत बसणार? तुम्हाला दुसरं काम नाही?"

"सकाळी दोरे तोडून झाले की मोकळाच असतो मी."

खातेबाईंनी यादीकडं तोंड फिरवलं. पाठ खरंच भिजली होती, आणि पाण्याचा एक थेंब वाट काढत कमरेपर्यंत आला होता. माणसानं करून करून करावं काय, तर दुसऱ्याची पाठ भिजवावी. त्यांनी खुर्ची जरा पुढं घेतली. मग थोड्या वेळानं, ते हवाघराकडं गेल्याचं बघून, परत मागं.